दवाखान्यातल्या कॉम्प्युटर नोंदींनी घोळ होतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी २१ वर्षं फॅमिली प्रॅक्टिस करतोय. दीड वर्षापूर्वी केसपेपर बंद करून सगळं सॉफ्टवेअरवर घेतलं. जुना रिपोर्ट चटकन सापडतो, माझं अक्षर लागत नाही ही तक्रारही मिटली. पण गेल्या महिन्यातल्या प्रकारानं झोप उडालीय.

एका जुन्या पेशंटना सल्फाची ॲलर्जी. त्यांच्या केसपेपरवर उजव्या कोपऱ्यात लाल पेननं 'सल्फा नको' लिहून दोनदा गोल केलेला. कागदावरून माहिती भरताना ते ॲलर्जीच्या रकान्याऐवजी 'शेऱ्या'त गेलं, त्यामुळे सॉफ्टवेअरचा इशारा आलाच नाही. मी कोट्रायमोक्साझोल, म्हणजे सल्फाचंच औषध, लिहिलं. चिठ्ठी घेता घेता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, मागे ह्याच गोळीनं यांच्या अंगावर चट्टे उठले होते ना?" त्या माउलीमुळे निभावलं. एरवी किरकोळ गोष्टींवर दिवसभर इतके इशारे येतात की बोट न वाचताच 'ओके'वर जातं.

दुसरं म्हणजे मागच्या भेटीची नोंद एका बटणात पुढे येते. दम्याच्या एका आजींच्या सलग तीन भेटींत 'छाती स्वच्छ' जसंच्या तसं दिसलं. तिन्ही वेळा मी स्टेथोस्कोप लावला होता का, हे शपथेवर सांगता येणार नाही. उद्या कोर्टात पुरावा म्हणून हीच नोंद जाणार.

कंपनी बदलावी म्हटलं, तर डेटा फक्त पीडीएफमध्ये देऊ म्हणतात. म्हणजे हजारो पेशंटची माहिती पुन्हा हातानं भरायची, आणि भरतानाच तर चूक झाली होती! केंद्राच्या २०१६ च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांत माहितीचा मालक पेशंट आणि आपण तिचे विश्वस्त, असं म्हटलंय. विश्वस्तालाच ती नीट हलवता येत नसेल तर काय करायचं?

कुणी डेटा एक्सेलमध्ये किंवा दुसऱ्या वापरण्याजोग्या स्वरूपात मिळवलाय का? करारात काय लिहून घेतलंत? कामाचे इशारे तेवढे ठेवून बाकीचे बंद करता येतात का? नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यानंतर दिल्लीच्या एम्सलाही कागदावर यावं लागलं होतं, म्हणून ॲलर्जी आणि चालू औषधांपुरतं एक कार्ड पेशंटच्या हातात द्यावं असं मनात आहे. कुणी देत असाल तर त्यावर नेमकं काय लिहिता? आमच्याकडे बरेचसे पेशंट वयस्कर, मोबाईल नातवाच्या हातात असतो.