प्रतिजैविकांऐवजी हळद, लसूण, ओवा: ब्रॉयलरमध्ये कितपत भरवसा ठेवावा?

प्रश्न (ब्रॉयलर उत्पादक, सांगली जिल्हा)
मी करार पद्धतीने नव्हे, तर स्वतः खाद्य तयार करून ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्या) वाढवतो. 2019 मध्ये केंद्र सरकारने पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातल्यानंतर पिल्लांना पहिल्या आठवड्यात सरसकट प्रतिजैविक देण्याची पद्धत मला पूर्ण सोडायची आहे. हळद, लसूण, ओवा, गुळवेल यांनी पिल्लांची रोगप्रतिकारशक्ती खरोखर टिकते का आणि त्या द्यायच्या कशा?

उत्तर १ (पशुवैद्यक)
प्रतिजैविक रोगप्रतिकारशक्ती वाढवत नाही, ते केवळ जिवाणूंना मारते किंवा रोखते; म्हणून त्याची जागा एकाच वनस्पतीने भरून निघेल, ही अपेक्षा ठेवू नये. ओव्यातील थायमॉल आणि लसूण ठेचल्यावर तयार होणारे अ‍ॅलिसिन यांचा प्रयोगशाळेत जिवाणूंवर परिणाम दिसतो. मात्र अ‍ॅलिसिन लवकर विघटित होते आणि थायमॉल बाष्पशील असल्याने गोळी खाद्य बनवतानाच्या उष्णतेत बराचसा उडून जातो. उद्योगात अशा तेलांवर संरक्षक आवरण देतात, ते याचसाठी. हळदीतले कुरकुमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते, त्यामुळे तिच्याकडून मुख्यतः आतड्याच्या आरोग्यापुरतीच आशा धरावी. मानमोडी आणि गंबोरो हे विषाणूजन्य रोग आहेत. त्यांच्यावर प्रतिजैविकही चालत नाही आणि काढाही लसीची जागा घेऊ शकत नाही. गंबोरोचा विषाणू तर पिल्लाच्या बर्सा या रोगप्रतिकारक अवयवावरच घाला घालतो, म्हणून ही लस चुकली की पुढचे उपाय लंगडे पडतात. लस पाण्यातून द्यायची असेल, तर त्या वेळी पाण्यात क्लोरीन, अन्य जंतुनाशक किंवा काढा मिसळू नये.

उत्तर २ (कुक्कुटपालक, नाशिक)
हळद बाजारातून सुटी घेऊ नका, कारण रंगासाठी शिशाचे संयुग मिसळलेली हळद आढळते आणि ते पक्ष्यांच्या तसेच खाणाऱ्यांच्या शरीरात जाते. आपल्या भागातील शेतकऱ्याकडून अखंड हळकुंडे घेऊन दळलेली बरी. माझ्या मते मात्र वनस्पतींपूर्वी शेडमधल्या तुसाकडे पाहावे: हे जमिनीवरचे तुसाचे अंथरूण (लिटर) ओले राहिले की रक्ती हगवण बळावते, अमोनियाने श्वसनमार्ग दुखावतो आणि मग पिल्लू कोणताही जंतू सहज पकडते. पाण्याच्या निपलखाली रोज हात लावून पाहणे, तूस उलथणे, पडदे योग्य वेळी उघडणे, ही कामे मी कोणत्याही भुकटीपेक्षा महत्त्वाची मानतो.

उत्तर ३ (पशुवैद्यक)
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. तुलना करायची असल्यास एकाच उबवणीतील पिल्लांचे जाळीने दोन भाग करावेत, एका भागालाच वनस्पती द्यावी आणि सातव्या दिवसाचे वजन, खाल्लेले खाद्य व मर यांची वेगवेगळी नोंद ठेवावी. पक्षी खरोखर आजारी पडले, तर शवविच्छेदन करून, निदान झाल्यावर आवश्यक तेच प्रतिजैविक द्यावे आणि विक्रीपूर्वीचा वर्ज्य काळ (औषध थांबवल्यावर विक्रीसाठी थांबायचे दिवस) पाळावा. उपचारच नाकारून पक्ष्यांना मरू देणे हा त्याला पर्याय नव्हे.