फोटोतल्या ‘ऑर्ब’ना आत्मा म्हणायची इतकी घाई का?

भिंगवाला (धागाकर्ता):
फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत कधी कधी पांढरट, अर्धपारदर्शक गोळे उमटतात. त्यांनाच ऑर्ब म्हणतात. लग्नाच्या फोटोत दिसले की ‘गेलेली माणसं आशीर्वाद द्यायला आली’, आणि पडक्या घरात दिसले की ‘इथे काहीतरी आहे’. गोळा तोच, अर्थ मात्र जागा बघून ठरतो. मला पहिलं खटकतं ते हेच.

माझं मत सरळ आहे. हे गोळे म्हणजे भिंगासमोर तरंगणारी धूळ, पाण्याचे बारीक थेंब, नाहीतर चिलटं. ढोबळ हिशेब करा. फ्लॅश भिंगाला लागूनच आहे, धुळीचा कण ५ सेंटिमीटरवर आहे आणि मागची भिंत ३ मीटरवर. अंतरात ६० पटींचा फरक, आणि प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होतो, म्हणजे कणावर पडणारा प्रकाश भिंतीवरच्या प्रकाशाच्या ६० × ६० = ३६०० पट. त्यात कण फोकसच्या बाहेर, म्हणून ठिपक्याऐवजी तबकडी उमटते. डोळ्यांना तो दिसत नाही, कारण फ्लॅश जेमतेम १/१००० सेकंद चमकतो.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे आले आणि ऑर्बचं पीक आलं. मोठ्या फिल्म कॅमेऱ्यांचा फ्लॅश भिंगापासून बराच वर असायचा, त्यामुळे जवळची धूळ अशी उजळून निघत नसे. आत्म्यांनी नव्या मॉडेलची वाट का बघावी?

मावळती:
असहमत. धूळ तर हवेत कायमच असते. मग लागोपाठ काढलेल्या दोन फोटोंपैकी एकात गोळा आणि दुसऱ्यात नाही, असं का? काही फोटोंत तो नेमका एकाच माणसाच्या खांद्याशी का असतो? आणि हे सगळे अडाणी लोक मानतात असंही नाही. क्लाउस हाइनेमान हे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले आणि नासासाठी काम केलेले गृहस्थ. ते ऑर्बना चैतन्याचं रूप मानत. त्यांना कॅमेरा कळत नव्हता म्हणायचं का?

भिंगवाला:
कॅमेरा कळत असेलच. पण थॅलियम हे मूलद्रव्य शोधणारे विल्यम क्रुक्सही मृतांशी संपर्क होतो म्हणणाऱ्या ‘माध्यम’ व्यक्तींच्या बैठकांत बसून ‘प्रकट झालेल्या’ आत्म्यांवर विश्वास ठेवत होते. पदवीकडे बघून फोटो तपासत नाहीत.

दोन फोटोंचं म्हणाल तर कण एका जागी थांबत नाही. दोन सेकंदांत तो भिंगासमोरून निघून जातो. आणि खांद्याशी गोळा ही बोलाफुलाला गाठ. शंभर फोटोंतले खांद्यापाशी गोळा नसलेले नव्व्याण्णव आपण पुढे पाठवतच नाही.

शटरशौकीन:
मी फोटो काढणाऱ्यांपैकी आहे, म्हणून एक बारकावा सांगतो. गोळा मोठा करून बघा. काही कॅमेऱ्यांत तो गोल नसतो, पंचकोनी किंवा षटकोनी असतो, कारण भिंगाच्या आतल्या झडपेच्या पाकळ्यांचा आकार त्याला मिळतो. चौकटीच्या कडेला असेल तर लिंबासारखा चपटा होतो, कारण तिथे भिंगाची नळी त्याची बाजू कापते. खोलीत तरंगणाऱ्या वस्तूला कॅमेऱ्याच्या पोटातला आकार कसा येईल?

ब्रिटनमध्ये स्टीव्ह पार्सन्स या भुताखेतांच्याच शोधात असणाऱ्या माणसाने दोन भिंगांचा थ्रीडी कॅमेरा वापरून हे तपासलं. गोळा खरोखर खोलीत असेल तर दोन्ही भिंगांना दिसायला हवा. तो एकाच भिंगात सापडत होता, म्हणजे त्या भिंगाच्या अगदी तोंडाशी.

काजवा:
+१. घरच्या सीसीटीव्हीतली ‘रात्रीची भुतं’ही यातलीच. भिंगाभोवती इन्फ्रारेड दिव्यांचं कडं असतं, चिलट समोरून गेलं की पांढरा गोळा उडताना दिसतो.

वाटसरू:
पण सगळंच धूळ म्हणून झटकू नका राव. नॉर्वेतल्या हेस्डालेन दरीत आकाशात आपोआप चमकणारे ‘दिवे’ बघा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते खूप दिसू लागले, १९८४ मध्ये तिथे उपकरणं लावून पाहणी झाली आणि १९९८ पासून स्वयंचलित केंद्र आहे. कारणाबद्दल आजही एकमत नाही. मग गूढ उरतंच की.

शटरशौकीन:
उरतं, मान्य. पण ते दिवे लोकांना उघड्या डोळ्यांनी दिसतात, उपकरणांनाही दिसतात. ऑर्ब फोटो काढल्यावर स्क्रीनवरच उगवतो. एकाच्या गूढावर दुसऱ्याने उधारी करू नये. शिवाय टेक्सासमधल्या मार्फाच्या दिव्यांचंही असंच गूढ होतं. २००४ मध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाहणी केली, तेव्हा त्यांना दिसलेले दिवे हमरस्त्यावरच्या गाड्यांचे निघाले.

मावळती:
गोळा धुळीचा ‘असू शकतो’ एवढंच तुम्ही दाखवलंत. प्रत्येक गोळा धुळीचाच, हे कुठे सिद्ध झालं? आणि समजा, कुणाला त्या गोळ्यातून गेलेल्या आईची चाहूल लागते, मन शांत होतं. तुमचं त्यात काय गेलं?

भिंगवाला:
कुणी एकटीने फोटो बघून मनाशी समजूत घातली तर माझं काहीच गेलं नाही, आणि मी तिच्या दारात वाद घालायला जाणारही नाही. माझा आक्षेप त्यावर दुकान मांडणाऱ्यांना आहे. हा धंदा ऑर्बपेक्षा जुना आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात घरोघरी माणसं गेली होती, तेव्हा विल्यम मम्लर हा फोटोवाला मृतांच्या धूसर आकृत्या उमटलेले फोटो भरपूर पैसे घेऊन विकायचा. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला आणि पुराव्याअभावी तो सुटला. पुढे लिंकन यांच्या पत्नी मेरी टॉड त्याच्याकडे गेल्या, आणि त्यांच्या फोटोत मागे लिंकन उभे! दुःखी माणूस तपासून बघण्याच्या मनःस्थितीत नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि ‘प्रत्येक गोळा धुळीचाच’ हे मी सिद्ध करायचं? धूळ हवेत आहे हे दोघांनाही मान्य आहे. त्यापलीकडचा दावा तुमचा आहे, पुरावा तुम्ही आणा.

मावळती:
आणते. कसा हवा ते सांगा, नाहीतर आणल्यावर नियम बदलाल.

भिंगवाला:
हे आवडलं. दोन माणसांनी एक हात अंतरावर उभं राहून दोन वेगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी फोटो काढायचा. गोळा दोन्हींत, खोलीतल्या त्याच जागी हवा. लगेच फ्लॅश बंद करून दुसरा फोटो.

मावळती:
आणि फ्लॅश बंद असतानाही आला तर?

शटरशौकीन:
तर आधी चौकटीत दिवा आहे का बघा. दिव्यापासून फोटोच्या मध्यबिंदूतून रेघ ओढा. गोळा पलीकडे तेवढ्याच अंतरावर असेल तर ते भिंगातलं प्रतिबिंब, मोबाइलमध्ये ते बऱ्याचदा हिरवट दिसतं. तसंही नसेल तर मूळ फाइल इथे टाका, न कापलेली. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको, त्यात बारकावे पुसले जातात.

मावळती:
ठीक. दुसरा कॅमेरा बहिणीचा घेते. ती तुमच्याच बाजूची आहे, म्हणजे नंतर तक्रार नको.