मदत हवी आहे: अरबी समुद्रातले बुडते कण कमी ऑक्सिजनमध्ये जास्त टिकतात, ते नेमके कशामुळे?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या सेमिनारची तयारी करतेय आणि एका ठिकाणी अडकलेय.

अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. वरून मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), प्राणिप्लवकांच्या म्हणजे त्यातल्या छोट्या प्राण्यांच्या विष्ठेच्या गोळ्या, चिकट धाग्यांत गुंतलेला गाळ असं सगळं याच थरातून खाली जातं. खोलीनुसार या कणांतला कार्बन किती घटतो हे सांगणाऱ्या मार्टिन यांच्या 1987 च्या सूत्राचा घातांक (तो जितका मोठा, तितकी घट वेगाने) 0.86 धरला, तर 100 मीटरवरच्या कार्बनपैकी 1000 मीटरवर जेमतेम 14 टक्के पोहोचतो. मेक्सिकोजवळच्या कमी ऑक्सिजनच्या पाण्यात हाच घातांक 0.4 च्या आसपास मिळालाय, म्हणजे 40 टक्के! हा फरक बघून मी दोनदा गणित तपासलं.

आता अडचण. जिवाणू मंदावतात म्हणून कण टिकतात, असं सरसकट लिहिलेलं दिसतं. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वसन करूनही त्यांना ऑक्सिजनच्या जवळपास जाईल इतकी ऊर्जा मिळते. मग कण फोडणारे, खाणारे प्राणिप्लवक तिथे कमी असतात हे खरं कारण असेल का? पण काही जाती तर दिवसा नेमक्या याच थरात लपायला उतरतात.

सेडिमेंट ट्रॅपच्या (बुडते कण गोळा करणाऱ्या सापळ्यांच्या) आकड्यांवरून जिवाणूंचा आणि प्राणिप्लवकांचा असे हे दोन परिणाम वेगळे काढता येतात का? गोव्यात दोना पावलाच्या एनआयओमध्ये (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) किंवा इतरत्र यावर कुणी काम केलं असेल तर कृपया सांगा, कुठून सुरुवात करू?