माफिया ३ मनापासून आवडला, आता डीएलसी (गेमला नंतर जोडलेले जादा भाग) घ्यावेत का?

हॉलोवाला:
माफिया ३ (२०१६) बद्दल कुणाला विचारलं की एकच उत्तर मिळतं: माफिया २ खेळ, हा सोड. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवरही सत्तरीच्या आत आहे. मला मात्र हा गेम फार आवडला, अजून सोडवत नाही.

न्यू ऑर्लिन्सवर बेतलेलं न्यू बोर्दो हे काल्पनिक शहर, साल १९६८. आपला नायक लिंकन क्ले व्हिएतनामहून परतलेला कृष्णवर्णीय जवान. एका दुकानात शिरलो, कशाला हातही लावला नाही. मालक म्हणाला, बाहेर हो. थांबलो तर तो पोलिसांना फोन करायला निघाला. रस्त्यावर पोलीस जवळ असला की काही गुन्हा न करताही त्याची नजर वळल्याची निळी खूण पडद्यावर उमटते. फ्रिस्को फील्ड्ससारख्या श्रीमंत गोऱ्या वस्तीत गोळी झाडली की गाड्या लगेच हजर; गरीब कृष्णवर्णीय वस्तीत, डेलरे हॉलोत मात्र पोलिसांना घाई नसते. वर्णद्वेष कटसीनपुरता (मधल्या चित्रफितींपुरता) न ठेवता थेट खेळण्यात उतरवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. त्यात लिंकनच्या ओळखीचे पाद्री, म्हाताऱ्या फादर जेम्सच्या मुलाखतींनी माहितीपटासारखी उलगडणारी गोष्ट. डीएलसीत हे सगळं टिकतं का? आधी कुठला घेऊ?

सरळरस्ता:
शहराबद्दल तुमचं सगळं मान्य. पण रॅकेट्सचं, म्हणजे शत्रू टोळीचे धंदे मोडायच्या कामांचं काय? खबऱ्याला गाठा, माल फोडा, माणसं मारा, मग बॉस बाहेर येणार. एक भाग संपला की दुसऱ्या भागात पुन्हा तेच. माफिया २ च्या १५ प्रकरणांत एवढं पाणी घातलेलं नव्हतं. सुरुवातीचा बँकदरोडा आणि लिंकनला वाढवणाऱ्या सॅमीच्या बारमधला घात इतका जबरदस्त जमलाय, की नंतरचा भरणा जास्तच खुपतो. टीकाकारांनी मुद्दाम झोडपलेलं नाही.

हॉलोवाला:
रॅकेट्सचा कंटाळा मलाही आला, ते नाकारत नाही. पण काबीज केलेला भाग कसांड्रा, बर्क आणि व्हिटो या साथीदारांपैकी कुणाला द्यायचा, त्या बैठकीत मी खरंच अडकून पडतो. एकाला सारखं डावललं की तो उलटतो. व्हिटो तर माफिया २ चा आपला नायक. त्याला हात आखडून वाटा देणं मला जमतच नाही. आणि रात्री रेडिओवर त्या काळची गाणी लावून बायूच्या (दलदलीच्या) रस्त्याने गाडी हाणायची! एवढ्यासाठी मी आणखी दहा गोदामं फोडेन.

टायर_जळाले:
रॅकेटमधलं सगळं साफ करत बसू नका. धंद्याचं पुरेसं नुकसान झालं की बॉसचं मिशन उघडतं, तेवढ्यावर थांबा.

डीएलसी तिन्ही २०१७ चे. आधी 'फास्टर, बेबी!' घ्या. सिंक्लेअर पॅरिश या परगण्याचा वर्णद्वेष्टा शेरीफ, सोबत रॉक्सी आणि नुसते गाड्यांचे पाठलाग. तुम्हाला रस्ता आवडतो ना, मग हाच. 'स्टोन्स अनटर्न्ड'मध्ये सीआयएचा डोनोव्हन बरोबर असतो. व्हिएतनामचा जुना हिशोब आहे, गोळीबार जास्त. 'साइन ऑफ द टाइम्स' शेवटी ठेवा. त्यात एका पंथाचा माग काढायचा असतो, आणि सॅमीचा जळालेला बार पुन्हा उभारता येतो.

वेगवेगळे विकत घेऊ नका. २०२० च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये तिन्ही आहेत. तुमच्याकडे तीच असेल तर आधी मेनू तपासा.

हॉलोवाला:
तपासलं, तीच आहे! आज रात्री सिंक्लेअर पॅरिश.