'शटल' म्हणजे नक्की काय?

शटल बस, बॅडमिंटनचं शटल, स्पेस शटल आणि शिलाई मशीनमधलं शटल. हा सगळा एकच शब्द आहे की उच्चार जुळलेत म्हणून आपण एक समजतो?

> एकच आहे, आणि सगळ्यांचा उगम कापड विणायच्या मागावर. शटल म्हणजे आपला धोटा. धाग्याची कांडी पोटात घेऊन ताण्याच्या, म्हणजे उभ्या, उघडलेल्या धाग्यांमधून या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा मागे सोडतो. त्याआधी जुन्या इंग्रजीत हा शब्द फेकून मारायच्या बाणाला होता. 'शूट' त्याच कुळातला. पण सुटलेला बाण परत येत नाही, धोट्याला दर खेपेला उलट फिरावं लागतं. शटलला येरझाऱ्यांचा अर्थ चिकटला तो इथे. बस, आगगाडी, अंतराळयान ही सगळी त्या दुसऱ्या अर्थाची पिलावळ.

> धोटा हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलायचा, म्हणून कापडाचा पन्हा विणकराच्या हातांच्या पल्ल्याएवढा. जास्त रुंद हवं तर दोन माणसं लागत. १७३३ मध्ये इंग्लंडच्या जॉन केने धावत्या धोट्याचं पेटंट घेतलं: दोन्ही टोकांना पेट्या, दोरी ओढली की धोटा आपोआप पलीकडे. शाळेत औद्योगिक क्रांतीच्या धड्यात हे सगळ्यांनीच पाठ केलंय. धोटा कसा दिसतो ते मात्र कुणी दाखवलं नाही!

बॅडमिंटनच्या फुलाचा धोट्याशी काय संबंध?

> इकडून तिकडे जातं म्हणून शटल, आणि पिसं लावलेली म्हणून पुढे 'कॉक', म्हणजे कोंबडा. पूर्ण शब्द शटलकॉक. आपण कोंबडा गाळला.

> शिलाई मशीनचं उघडून बघा. टाके घालताना शटल अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे असं हलतं. अगदी जुन्या मशीनमध्ये तर ते होडीसारखं लांबट असे, धोट्याचीच छोटी आवृत्ती.

> होडीवरून आठवलं. फ्रेंचमध्ये धोट्याला 'नावेत' म्हणतात, म्हणजे छोटी नाव. लॅटिन 'नाविस'मधून आलाय, संस्कृत 'नौ'चा लांबचा भाऊ. जर्मन विणकरही त्याला होडकंच म्हणतो. इंग्रजाला फेक दिसली, यांना आकार दिसला. आणि विमानतळावरच्या शटल बसलाही फ्रेंच माणूस 'नावेत'च म्हणतो.

> इचलकरंजीत आता 'शटललेस' मागांची चलती आहे. त्यात धागा हवेच्या झोताने किंवा रेपियरने, म्हणजे धागा पकडणाऱ्या दांडीने, ओढून नेतात. धोटा गेला, नाव मात्र 'तो नसलेला' म्हणून उरलं.