म्हैसूरला आईसाठी एकच साडी घ्यायची आहे, कुठून घेऊ?

खानापूरची_सून

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही तिघी म्हैसूरला चाललोय: मी, आई आणि सासूबाई. शनिवारी रात्री बेळगावात गाडीत बसायचं, रविवारी तिथं, मंगळवारी संध्याकाळी परत.

आईला यंदा साठ पूर्ण होतात. दोन वर्षं भिशी भरली ती ह्याचसाठी, तिला एक खरी म्हैसूर सिल्क घ्यायची. आईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात साड्या निवडून दिल्या, स्वतःसाठी बेळगावच्या गणपत गल्लीत कधी दोन हजारांच्या पुढं गेली नाही. त्यामुळे फसायचं नाही, एवढंच.

गल्लीतल्या एकीनं सांगितलं, राजवाड्याच्या दारात रिक्षावाले असतात, तेच सरकारी फॅक्टरीत नेऊन सोडतात, स्वस्त पडतं. खरं आहे का हे?

दुसरं म्हणजे भावकीत बारा घरं आहेत. बाराही घरांना काहीतरी न्यायचं म्हणजे काय न्यायचं? चंदनाचं काही परवडतं का? सासूबाईंना चंदनाचा गणपती पाहिजे.

निपाणीचा_पाहुणा

बारा घरांना म्हैसूर पाक द्या आणि मोकळ्या व्हा. पण बेळगावातनं कुंदा घेऊन निघा, नाहीतर तिथं गेल्यावर तुलना करून करून जीव जाईल. साडीतलं मला काही कळत नाही, बायको घेते, मी पिशवी धरतो.

मागवाला_वडगाव

ताई, रिक्षावाल्याचं ऐकू नका. आधी हे सांगतो, बाकीचं नंतर.

मी बेळगावच्या वडगावचा. घरात आज्ज्यापासून माग. आधी हातमाग, मग यंत्रमाग, आता पोरानं दोनच ठेवलेत. शहापूर-वडगावात ज्याचं बालपण गेलं त्याला मागाच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही म्हणतात, ते आमच्याबद्दल खरंच आहे. तर कापडातलं मला कळतं, असं मला वाटायचं.

2011 साली बायकोला घेऊन म्हैसूरला गेलो. राजवाडा बघून बाहेर आलो, एक रिक्षावाला चिकटला. पन्नास रुपयांत चार ठिकाणं दाखवतो म्हणाला. पन्नास रुपयांत चार ठिकाणं! तिथंच कळायला पाहिजे होतं. दुसऱ्याच ठिकाणाला एका दुकानात नेऊन घातलं. पाटीवर सिल्क, एम्पोरियम, असलं सगळं लिहिलेलं, बघणाऱ्याला सरकारीच वाटावं. आत गार हवा, कॉफी. डाळिंबी रंगाची साडी उलगडली. मी मोठ्या रुबाबात म्हटलं, मी मागवाला आहे, धागा जाळून दाखवा. तो हसला आणि लगेच पदराच्या गोंड्यातला धागा ओढून काडी लावली. केस जळल्याचा वास, राख बोटात चुरली. रेशीमच! साडेसहा हजारांची साडी बेचाळीसशेला दिली. मी बाहेर येऊन बायकोला म्हणालो, बघ, माझ्याशी गाठ आहे.

घरी आल्यावर आमच्या घरातल्यांनी साडी नुसती चिमटीत धरली. तीस वर्षं कांड्या भरलेली बाई ती. म्हणाली, गोंडे रेशमाचे हायेत, साडी न्हाई. आतल्या टोकाचा धागा काढून दिव्यावर धरला तर वितळून टणक मणी झाला. गोंडे वेगळ्या धाग्याचे जोडलेले. म्हणजे माझ्यासारख्या शहाण्यासाठीच ती सोय केलेली होती. ती साडी आता दरवर्षी गणपतीच्या मखरामागं लावतो. लायटिंगमध्ये फार छान दिसते, एवढं मात्र आहे.

आता कामाचं. खरी म्हैसूर सिल्क म्हणजे कर्नाटक सिल्क इंडस्ट्रीज कॉर्पोरेशनची, लोक केएसआयसी म्हणतात. कारखाना म्हैसुरातच, मानंदवाडी रोडला. 1912 साली म्हैसूरचे राजे नाल्वडी कृष्णराज वडेयरांच्या काळात सुरू झाला. पुष्कळांना वाटतं ती हातमागाची साडी. न्हाई. तेव्हाच स्वित्झर्लंडहून माग मागवले होते आणि आजही ती यंत्रमागावरच विणली जाते. त्यात कमीपणा काही नाही. जीव आहे तो धाग्यात. आडव्या धाग्याला भरपूर पीळ देऊन विणतात, मग कापड उकळून रेशमाचा गोंद काढतात. गोंद गेला की पिळाचा धागा आक्रसून कापड अंग सोडतं. म्हणून ती साडी नेसल्यावर फुगत नाही, अंगाला धरून पडते. कांजीवरमसारखी कडक उभी राहणारी साडी ‘म्हैसूर सिल्क’ म्हणून दाखवली तर तिथंच समजा.

जर, म्हणजे जरीचा धागा, खरी असते. तिच्यात शंभरात 65 भाग चांदी आणि सोनं 0.65. म्हणून किंमत चांदीच्या भावाबरोबर चढते. कुणी चार-पाच हजारांत ‘प्युअर म्हैसूर सिल्क, प्युअर जरी’ म्हणाला तर कॉफी न पिता उठा. (मी पिलो होतो.)

केएसआयसीच्या प्रत्येक साडीवर भरतकामात तिचा नंबर असतो, वर होलोग्राम. तो नंबर बघा, बिलाशी जुळवा. तिथं धागा जाळायची गरज नाही, कुणी जाळू देणारही नाही. भाव ठरलेला, घासाघीस करू नका, आपलीच शोभा होते.

इतर दुकानातनं काही घेतलंच तर सिल्क मार्कचं लेबल बघा. पण एक लक्षात ठेवा, सिल्क मार्क फक्त रेशीम खरं आहे एवढंच सांगतं. साडी म्हैसूरची आहे का, जर चांदीची आहे का, हे ते लेबल सांगत नाही. दुकानदार त्या लेबलावर बोट ठेवून सगळंच खरं असल्यासारखं बोलतो.

तुमचा रविवार आड येतोय. कारखाना रविवारी बंद, दुकान तेवढं उघडं. माझं ऐकाल तर रविवारी खरेदीचं नावच काढू नका. संध्याकाळी सातला राजवाड्याचे दिवे लागतात, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, ते आईंना दाखवा. सोमवारी सकाळी नाश्ता करून थेट कारखान्यावर. आधी आत माग बघा, मग शेजारच्या दुकानात जावा. माग बघून साडी घेतली की ती नुसती साडी राहात नाही. आणि सकाळीच जावा. माल कमी, गिऱ्हाईक जास्त.

अनगोळची_म्हैसुरात

काका, गोंड्यांची गोष्ट वाचून हसू आवरेना. अजून चालतं हो ते.

मी मूळची अनगोळची, अकरा वर्षं इथं एका दवाखान्यात नर्स आहे. ताई, भावकीचं मी सांगते.

देवराज मार्केट. सकाळी आठ-साडेआठला जा, उन्हं चढायच्या आत. फुलांच्या ओळीत मल्लिगेचे, म्हणजे मोगऱ्याचे, गजरे हातानं मोजून देतात, वितीवर नाही, कोपरापर्यंतच्या हातावर. तिघींनी तिथंच माळून घ्या, बेळगावपर्यंत टिकणार नाहीत. कुंकवाचे रंगीत ढीग असतात, सगळ्या पर्यटकांचे फोटो तिथलेच. बारा घरांना कुंकू-हळदीच्या छोट्या पुड्या आणि एकेक उदबत्तीचा पुडा दिला तर हलकं, स्वस्त आणि नाव म्हैसूरचं. म्हैसूरच्या उदबत्तीला जीआय मानांकन आहे, म्हणजे इथलाच माल म्हणून सरकारी नोंद, इथल्या विड्याच्या पानालाही आहे. सासूबाई पान खात असतील तर शंभर पानं बांधून घ्या, खाऊन पाहिल्यावर त्या परत विचारतील.

त्याच मार्केटात अत्तरवाले हात धरतात. मनगटावर लोटस, वॉटर लिली, चंदन असं काहीबाही चोळतात आणि मग छोट्या काचेच्या बाटल्या काढतात. हात मागं घ्या आणि ‘बेड’ म्हणा. ‘नको’ म्हटलं तर त्यांना ऐकू येत नाही.

चंदनाचा गणपती रस्त्यावरून अजिबात नको. साध्या लाकडाला तेल लावलेलं असतं, पंधरा दिवसांत वास जातो आणि मग देव्हाऱ्यात बसवलेल्या मूर्तीला काय म्हणायचं? सयाजीराव रोडवर कावेरी एम्पोरियम आहे, राज्य हस्तकला महामंडळाचं. तिथं घ्या. बोटाएवढा मिळेल, पण चंदनाचा मिळेल. रोझवूडवरचं जडावकाम पण तिथंच चांगलं. ह्या रस्त्याला बडोद्याच्या सयाजीरावांचं नाव आहे, दसऱ्याची मिरवणूक ह्याच रस्त्यानं जाते. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा पाटी वाचून म्हणाली, बघ, आपला माणूस इथंपण हाय.

म्हैसूर सँडल साबण मात्र इथून वाहून नेऊ नका. त्याचा कारखाना बेंगळूरला निघाला, आणि साबण आपल्या खडेबाजारात पण मिळतो. मी स्वतः पहिल्या वर्षी दोन डझन नेला होता, काकूनं कपाट उघडून तोच साबण दाखवला.

म्हैसूर पाक मार्केटजवळच्या गुरु स्वीट मार्टचा. राजवाड्यात ज्यांनी तो पहिल्यांदा केला त्या काकासुर मादप्पांच्या घराण्यातले लोक चालवतात. छोटं दुकान आहे, शोधावं लागतं. निघायच्या दिवशी घ्या.

लहान पोरं असतील घरांत तर चन्नपट्टणची लाकडी खेळणी, लाखेचा रंग दिलेली. बेंगळूरमार्गे गाडीनं येणार असाल तर गाव वाटेवरच आहे, नाहीतर कावेरीत मिळतात.

आणि एक. आपलं कन्नड इथं वेगळं वाजतं. आपण ‘एष्ट री?’ (किती हो?) म्हणालो की लगेच विचारतात, हुबळीकडच्या का? सांगा हो म्हणून. बेळगाव म्हटलं की एकदोघं राजकारण काढतात, पण भाव तोच राहतो.

निपाणीचा_पाहुणा

हे ‘बेड’ मला 2015 मध्ये कुणी सांगितलं असतं तर घरात आज वॉटर लिलीच्या सहा बाटल्या नसत्या.

खानापूरची_सून

काका, ताई, किती मनापासून लिहिलंत. रविवार दिव्यांचा, सोमवार कारखान्याचा, मंगळवारी सकाळी मार्केट आणि पाक, असंच ठरवलं.

एकच शंका. आई गडद रंग घेत नाही, म्हणते वय झालं. फिका घेऊ का?

मागवाला_वडगाव

साठीला फिका रंग कुणी सांगितला? त्या साडीच्या अंगावर सहसा नक्षी नसते, एकरंगी कापड आणि जरीचा काठ, बस. म्हणजे सगळी साडी रंगावर उभी असते. फिक्यावर जर मिटून जाते. दुकानात रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दारात उजेडाला नेऊन बघा. आणि आईंनाच खांद्यावर टाकायला सांगा, किंमतीची चिठ्ठी तेवढी तुम्ही हातात धरा.

घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जर काळी पडते. जुन्या सुती धोतरात गुंडाळा. दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच चिरते.

खानापूरची_सून

परत आलो. सगळं सांगते.

राजवाड्यासमोर रिक्षावाला आलाच. ‘गव्हर्न्मेंट सिल्क, फॅक्टरी रेट.’ सासूबाई पुढं झाल्या आणि ‘बेड’ म्हणाल्या, एवढ्या जोरात की शेजारचा नारळवाला दचकला.

सोमवारी कारखान्यात माग बघताना आई गप्प होती. आवाजच इतका की बोलणार काय. दुकानात तिनं आधी फिक्या पिवळीला हात लावला. मी काकांचं ऐकून गडद जांभळी, तांबूस झाक असलेली दारात नेली. आईनं खांद्यावर टाकली आणि आरशात न बघता आधी मलाच विचारलं, किती? मी सांगितलं नाही. भिशीच्या वर थोडे गेले, ते सासूबाईंनी न विचारता काढून दिले. नंबर बिलाशी जुळवला. गणपती बोटाएवढाच मिळाला, देव्हाऱ्यात बसवलाय.

भावकीतल्या अकरा घरांना कुंकू आणि उदबत्ती पोचली. बारावीकडं अजून गेले नाही, जुनं भांडण आहे.

मागवाला_वडगाव

ताई, मी ह्यांची बायको लिहायलेय. हे दुकानात गेलेत, मोबाईल इथंच ठेवून. तुमची जांभळी वाचली. 2011 ला मला जांभळीच पाहिजे होती, ह्यांनी डाळिंबी घातली गळ्यात. काठ केवढा आहे, चार बोटं की त्याहून मोठा? आणि तसल्या अजून होत्या का तिथं? फोटो असेल तर टाका. नंतर हे वाचतील, वाचू देत.