मदत हवी आहे: पीएक्सए२५५ हॅन्डहेल्डवर कर्नल "बूटिंग द कर्नल" नंतर गप्प

रिकामा_स्टॅक (धागाकर्ता)

यंत्र: जुना पॉकेट पीसी, पीएक्सए२५५ (एआरएम प्रोसेसर), ६४ एमबी एसडीरॅम, भौतिक पत्ता हेक्स ए००००००० पासून. कर्नल २.६.३२, बोर्ड फाइल (कर्नलला या यंत्राची ओळख करून देणारी) नव्याने लिहिलेली. विंडोज सीईमधून हॅरेटने (तिथून लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) बूट करतोय. सिरियल एफएफयूआर्टवर (चिपमधला एक सिरियल पोर्ट), ११५२०० बॉड.

"अनकम्प्रेसिंग लिनक्स... डन, बूटिंग द कर्नल." एवढं येतं, पुढे काही नाही. म्हणून डीबग-एलएल (कन्सोल तयार होण्याआधी थेट सिरियलवर छापण्याची सोय) चालू करून हेड.एसमध्ये एसटेक्स्टच्या (उलगडलेला कर्नल जिथून सुरू होतो तो भाग) अगदी सुरुवातीला आर० या रजिस्टरमध्ये 'ए' हे रोमन अक्षर भरलं आणि बीएल प्रिंटसीएच (एक अक्षर छापणाऱ्या रूटीनला बोलावणं) टाकलं. अक्षर दिसलं, पण त्याच्या मागोमाग हे:

एरर: अनरेकग्नाइज्ड/अनसपोर्टेड मशीन आयडी (आर१ = ०एक्स००००००४१)

खाली उपलब्ध मशीनच्या यादीत माझा बोर्ड आहे. हॅरेटच्या स्क्रिप्टमधला एमटाइप (मशीन क्रमांक) यादीतल्या क्रमांकाशी जुळतो (यादी हेक्समध्ये असते, ते धरून). प्रिंटसीएच काढलं की एरर जाते आणि पुन्हा शांतता. हा ४१ येतो कुठून?

पाइपलाइन_तीन

हॅरेटवर विसंबू नका. बूट/कम्प्रेस्ड मधल्या हेड-एक्सस्केल.एसमध्ये काही बोर्डांसाठी आर७ मध्ये मशीन क्रमांक थेट भरलेला आहे. तसाच तुमचा भरा, काम होईल.

लिंक_रजिस्टर

नाही होणार. ती फाइल डीकम्प्रेसरची, म्हणजे एसटेक्स्टच्या आधी चालणारी. इथे गडबड एसटेक्स्टच्या आत होतेय.

हेक्स ४१ म्हणजे दशमान ६५, म्हणजे तुम्ही छापलेलं ते अक्षरच! प्रिंटसीएच काय करतं बघा: यूआर्टचा पत्ता आर३ मध्ये, अक्षर आर० मधून आर१ मध्ये, आर० शून्य, आणि वाट पाहायला आर२. म्हणजे आर० ते आर३ चारही जातात. पण एसटेक्स्टला पोचताना आर१ मध्ये मशीन क्रमांक असतो आणि आर२ मध्ये बूटलोडरने दिलेल्या माहितीच्या यादीचा, म्हणजे अ‍ॅटॅग्जचा पत्ता. एमटाइप बरोबरच होता, तो तुमच्या डीबगिंगने पुसला.

स्टॅकवर ठेवू म्हणाल, तर स्टॅक अजून नाहीच. उलट थोडं पुढे आर१३ मध्ये एमएमयू (आभासी पत्ते भौतिक पत्त्यांवर नेणारा भाग) चालू झाल्यावर कुठे उडी मारायची तो पत्ता भरला जातो. आर८, आर९, आर१० कामात आहेत. आर११ आणि आर१२ मोकळे:

मूव्ह आर११, आर१
मूव्ह आर१२, आर२
मूव्ह आर०, #६५
बीएल प्रिंटसीएच
मूव्ह आर१, आर११
मूव्ह आर२, आर१२

बीएलने एलआर (परतीचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) जातो हेही ध्यानात असू द्या. एलआरमध्ये एनेबल-एमएमयूचा पत्ता भरणारी ओळ येते, तिच्या नंतर एसटेक्स्टमध्ये बीएल घालू नका, परतीची वाट हरवेल. (कर्नल सी०००८००० साठी लिंक केलेला असून ए०००८००० वर चालतोय, तरी बीएल चालतं, कारण ते पीसी-सापेक्ष आहे. एलडीआरने लेबलचा पत्ता घेतलात तर मात्र फसाल.)

आता असे तीन ठिकाणी छापा: सुरुवातीला, व्हेट-अ‍ॅटॅग्जनंतर, आणि एमएमएपी-स्विच्डच्या (एमएमयू चालू झाल्यावर पहिला चालणारा भाग) पहिल्या ओळीवर. या तिसऱ्या ठिकाणी आर० मध्येही कामाची किंमत (कंट्रोल रजिस्टरची) असते, ती आधी आर४ मध्ये ठेवून नंतर परत भरा.

रिकामा_स्टॅक

पहिली दोन अक्षरं आली, एरर गेली. तिसरं येत नाही. म्हणजे एमएमयू चालू होताना मरतंय?

लिंक_रजिस्टर

कर्नल मरतोय असं इतक्यात म्हणू नका, बहुधा छापणंच मारतंय. या आवृत्तीत अ‍ॅडरयूआर्ट मॅक्रो (प्रिंटसीएचला यूआर्टचा पत्ता देणारा) पी१५ च्या सी१ या कंट्रोल रजिस्टरमधला बिट ० बघतो. एमएमयू बंद असेल तर ४०१०००००, चालू असेल तर एफ२१०००००. हा दुसरा पत्ता क्रिएट-पेज-टेबल्समध्ये जोडला जातो, पण बोर्डाच्या मशीन-स्टार्टमधली दोन फील्ड वाचून:

फिज_आयओ = हेक्स ४०००००००
आयओ_पीजी_ऑफसेट = (एफ२००००००, उजवीकडे १८ बिट सरकवून) आणि एफएफएफसी, म्हणजे ३सी८०

ही राहिली की दोन्ही शून्य धरली जातात आणि जोडणी भलत्याच जागी, पत्ता ० पासून होते. मग एफ२१००००० ला हात लावताच डेटा अबॉर्ट, आणि तो झेलणारी व्हेक्टर टेबल अजून मांडलेली नसते. बाहेरून दिसते ती फक्त शांतता. नंतरच्या कर्नलांत ही फील्ड काढली, त्यामुळे नव्या बोर्ड फाइलीवरून नक्कल केली असेल तर ती नसणारच.

रिकामा_स्टॅक

नव्या फाइलीवरूनच उचलली होती, फील्ड नव्हती. आता तिसरं अक्षर आलं. व्हीप्रिंटकेमध्ये (कर्नलचे संदेश तयार करणारं फंक्शन) प्रिंटअ‍ॅस्की(प्रिंटके_बफ) ही ओळ टाकल्यावर कर्नलचे संदेशही आले, पण "ऑन नोड ० टोटलपेजेस: १६३८४" आणि झोनच्या ओळींनंतर पुन्हा गप्प.

पाइपलाइन_तीन

१६३८४ गुणिले ४ केबी म्हणजे ६४ एमबी, तेव्हा अ‍ॅटॅग्ज नीट पोचलेत. माझा आधीचा सल्ला सोडून द्या. बोर्ड फाइलीत मॅप_आयओ (हार्डवेअरचे पत्ते जोडणारं फंक्शन) काय दिलंय?

लिंक_रजिस्टर

हाच प्रश्न. त्या ओळींच्या लगेच नंतर डिव्हाइसमॅप्स-इनिट व्हीमॅलॉक-एंड या पत्त्याच्या वरच्या सगळ्या जोडण्या पुसतं, तुमची एफ२००००००ही त्यात जाते. मग बोर्डाचं मॅप_आयओ बोलावतं. तिथे पीएक्सए_मॅप_आयओ हवं. स्वतःचं फंक्शन लिहिलं असेल तर त्यात आधी हे बोलवा, मग बोर्डाच्या जोडण्या.

रिकामा_स्टॅक

माझ्या फंक्शनमध्ये फक्त फ्लॅशची जोडणी होती. पीएक्सए_मॅप_आयओ टाकलं आणि थेट "अनेबल टू माउंट रूट एफएस" पर्यंत पोचलो. प्रत्येक ओळ मात्र दोनदा येतेय.

लिंक_रजिस्टर

एकदा प्रिंटअ‍ॅस्कीमधून, एकदा खऱ्या कन्सोलमधून. म्हणजे सिरियल-पीएक्सए-कन्सोल आणि "कन्सोल=टीटीवायएस०,११५२००" दोन्ही बरोबर आहेत. व्हीप्रिंटकेमधली ओळ आता काढाच. ११५२०० वर सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात, म्हणजे ६० अक्षरांच्या ओळीला ५ मिलिसेकंदांहून जास्त, आणि तेवढा वेळ इंटरप्ट बंद असतात. टचस्क्रीनचा ड्रायव्हर लिहायला बसाल तेव्हा हे नक्की नडेल.

रूटसाठी हॅरेटच्या स्क्रिप्टमध्ये इनिटआरडी (मेमरीत ठेवलेली तात्पुरती रूट फाइलसिस्टिम) द्या, कर्नलमध्ये इनिटआरडीचा पर्याय चालू आहे ना ते बघा. एमएमसी कार्डाच्या मागे नंतर लागा.